रॉडच्या आधी पक्कड घे

मनू, तुझी खरेदीची यादी वाचली. लष्करी ठिपक्यांचा शर्ट, क्रॉसबो, बेचकी, हातभर लांब सुरा, शेवटी तीन रॉड. एकच काही घ्यायचं म्हटलं, तर मी यादीत नसलेली पक्कड घ्यायला सांगेन. का, ते पुढे येईलच.

आधी शिकारीचं मिटवू. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आणि त्याची मोठी दुरुस्ती १९९१ची. त्यानंतर आपल्या देशात हौसेची शिकार उरलेली नाही. नुसता फास लावणं, सापळा मांडणं, आमिष ठेवणं हीसुद्धा कायद्याच्या भाषेत शिकारच. शेतात रानडुकरांनी धुमाकूळ घातला तरी शेतकऱ्याला वनखात्याची परवानगी काढावी लागते, तिथे ताम्हिणीच्या जंगलात सुट्टीला गेलेल्या आपण कोण? तेव्हा क्रॉसबो आणि बेचकी खोडून टाक. ससा असो, होला असो, त्यांच्याकडे दुर्बिणीतून बघ. तेवढी एक दुर्बीण मात्र चांगली घे.

आता मासे. पुण्याभोवतीचं बहुतेक पाणी धरणांचं आहे, आणि तिथली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. काठावर जाऊन गळ टाकला, असं चालत नाही. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांना विचारायचं, आणि गावातल्याच एखाद्या जाणत्या मच्छीमाराला दिवसाची मजुरी देऊन सोबत घ्यायचं. तुझ्या सगळ्या सामानाहून त्याला जास्त कळतं, गं. गाळ कुठे आहे, पाणी कुठे एकदम खोल जातं, कुठल्या काठावर जायचं नाही, हे तो न विचारता सांगेल. आणि देहूच्या डोहात किंवा महाडजवळच्या वाळण कोंडीत गळ हा शब्दही काढू नकोस. तिथले मासे लोकांनी श्रद्धेने जपलेत.

सुरुवात चिलापीपासून कर. उजनी धरणात ती अमाप आहे. मूळची आफ्रिकेची, आपल्या माशांची जागा तिने खाल्ली, त्यामुळे घरी आणून तळलीस तरी मनाला टोचणी नाही. तिच्यासाठी सहा-सात फुटांचा एक साधा रॉड, अडीच हजार नंबरची रील आणि दहा पौंडांचा तंगूस भरपूर झाला. महसीरची गोष्ट वेगळी. आपल्या दख्खनी महसीरला शास्त्रीय नाव मिळालं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. कर्नल साइक्सने १८३९मध्ये त्याचं वर्णन छापलं. आज त्या नदीकडे बघवत नाही. लोणावळ्याच्या वळवण तलावाजवळ टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवून पाण्यात सोडली जातात, म्हणून तो मासा अजून भेटतो तरी. तो कधी गळाला लागलाच तर पाण्यातच सोडवून द्यायचा. यावर मी तुझं काही ऐकणार नाही.

इथे पक्कड लागते. गळाच्या टोकाजवळ उलटा काटा असतो ना, माशाच्या तोंडात रुतून बसणारा? लांब नाकाच्या पकडीत धरून तो आत दाबायचा, सपाट होईपर्यंत. मग रुमालावरून गळ ओढून बघायचा, धागा अडकला नाही तर काम झालं. असा गळ एका झटक्यात निघतो, माशाच्या तोंडातून आणि तुझ्या बोटातूनही. दवाखाना तासभर लांब असलेल्या जागी हे दुसरं कारण छोटं नाही. मासा धरण्याआधी हात ओले कर. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही पुढे रोगाने मरू शकतो.

गाठ बांधतानाही तेच, तंगूस ओला करायचा. गळाच्या नेढ्यातून ओवून स्वतःभोवती पाच वेढे द्यायचे, टोक नेढ्याजवळच्या फासात घालून थुंकी लावायची आणि सावकाश आवळायचं. कोरडी गाठ आवळली की घर्षणाने तंगूस तापतो आणि तिथेच कच्चा होतो. मोठा मासा लागल्यावर तंगूस तुटतो तो बहुधा गाठीपाशी. रीलचा ताण ताणकाट्यावर लावून घे. दहा पौंडांच्या तंगूसाला दीड किलोच्या आसपास ओढ बसली की रील सुटू लागली पाहिजे. आणि तुटलेला, गुंतलेला तंगूस काठावर टाकायचा नाही. उजनीकाठच्या भिगवणला पक्ष्यांच्या पायांना तो करकचून बसतो. एक छोटी कात्री आणि झाकणाची बरणी जवळ ठेव, तुकडे त्यात. वजनाला शिसं नको, पक्षी ते खडे समजून गिळतात. लोखंडी नट बांधला तरी चालतं.

रॉडवर वाचलेले पैसे लाइफ जॅकेटवर घाल. तुझ्या वजनाला साजेसं, पायांमधून पट्टा जाणारं, नाहीतर पाण्यात ते वर सरकून कानाशी येतं. पोहता येतं म्हणून कुरकुर करू नकोस. ३० जून २०२४ला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्याच्याच एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. वर डोंगरात पाऊस कोसळला की खाली उभ्या असलेल्याला सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर गळ पेटीत ठेवायचा. महसीरची वीणही पावसातच होते, सुट्टी दोघांना बरी.

गमबूट नकोत. पाणी शिरलं की पाय उचलत नाही, गाळात तर मुळीच नाही. सह्याद्रीतले ट्रेकर वापरतात ते पकड असलेले बूट घे, ओल्या कातळावर उभं राहून बघ आणि मगच पैसे दे, असं म्हणणार होते, पण दुकानात कातळ कुठून आणणार? निदान ओल्या फरशीवर तरी बघ. जाड मोजे आणि सैल, लांब सुती पँट. दगडांत फुरसं असतं, हात घालण्याआधी टॉर्च मार. चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचंही नाही. पाय न हलवता १०८ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठायचं. रेंज जिथे जाते ती जागा जाताना लक्षात ठेव आणि आईला परतायची वेळ कळवून निघ.

दोरी, ताडपत्री, पक्कड, बरण्या हे सगळं बोहरी आळीत मिळेल. मी येते सोबत. सुरा मात्र घ्यायचा नाही, भाजीची सुरी म्यानासकट पुरे. पैसे उरले तर पोलराइज्ड चष्मा घे. पाण्यावरची चकाकी गेली की तळाचे दगड दिसतात, आणि पाय कुठे ठेवायचा ते कळतं.