अंगाने बारीक, तरी हृदयविकार?



वाडीवस्तीवर तपासणीला गेलो की हमखास ऐकू येते, "आम्ही काटक माणसं, आम्हाला कसला हार्टचा त्रास?"

पण हा रोग रोहिणीच्या आतल्या अस्तरापासून सुरू होतो. हे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते. विडीचा धूर, वाढलेला रक्तदाब किंवा मधुमेह यांनी ते दुखावले, की रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल भिंतीत शिरून अडकते. ते गिळायला पांढऱ्या पेशी येतात, चरबीने फुगतात आणि तिथेच साचतात. वर्षानुवर्षे थर वाढत जातो. तो फुटला, की त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि झटका येतो.

बारीक शरीरातही चरबी लपलेली असू शकते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. त्यांचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा बीएमआय एकच, २२.३. पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, सहकाऱ्याची ९.१ टक्के.

तेव्हा वस्तीवर असो वा आपल्या मंडळीत, माणूस बारीक दिसतो म्हणून त्याला तपासणीतून वगळू नका. रक्तदाब मोजा, साखर तपासा आणि विडी सोडणाऱ्याला धीर द्या.