मुळांजवळचे अदृश्य सेवक

सन १९०१ मध्ये हॉलंडातील बायेरिंक या पंडितांनी ॲझोटोबॅक्टर नामक सूक्ष्म जीवांचे वर्णन केले. हे जीव हवेतील नत्रवायू घेऊन भूमीचा कस वाढवितात. वांगी, मिरची यांची रोपे लावण्यापूर्वी त्यांची मुळे या जिवाणूंची भुकटी कालविलेल्या पाण्यात सुमारे १५ मिनिटे बुडवावी आणि सायंकाळी, शेणखत घातलेल्या ओल्या जमिनीत, लागलीच रोपे लावावी. भुकटी उन्हात ठेविल्यास अथवा रासायनिक खतात मिसळल्यास हे जीव मरतात. मग पुडी भरलेली दिसली तरी व्यर्थ होय.

प्रभूच्या दाखल्यातील खमीरही पिठात लपूनच कार्य करिते. परंतु ते जिवंत असले तरच. गावात ख्रिस्ती घरे दोनच आहेत, याची खंत आम्ही करीत नाही. ती जिवंत आहेत काय, इतकेच प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे.