कमिटी येतेय!

"कमिटी येतेय!" हे दोन शब्द कानावर पडले की कॉलेजचं रूप कसं पालटतं, हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. वर्कशॉपमागचं गवत कापलं जातं, नोटीस बोर्डाच्या काचा पुसल्या जातात, कित्येक महिने गप्प असलेला वॉटर कूलर अचानक गुरगुरायला लागतो आणि मेसमध्ये पनीर येतं (निदान दोन दिवस!).

आजीला फोनवर हे सांगितलं तर ती हसत सुटली. "म्हणजे तुमच्याकडे अजून दिपोटी येतात म्हण की!" तिच्या लहानपणी शाळा तपासायला डेप्युटी इन्स्पेक्टर यायचे, त्यांना सगळा गाव 'दिपोटी' म्हणायचा. ते यायच्या आदल्या दिवशी शाळा शेणाने सारवायची आणि हुशार मुलांना पुढच्या रांगेत बसवायचं. आजी हुशार, म्हणून कायम पुढे. "मागच्यांना काय येत नाही, ते दिपोटींना कधी कळलंच नाही," असं ती म्हणाली आणि लगेच विचारलं, जेवलीस का.

तर मित्रांनो, आजचा लेख या दिपोटींवर. आधी एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे 'प्रत्यायन' हा शब्द मी परवा परवा पहिल्यांदा वाचला आणि बराच वेळ त्याचा प्रत्ययाशी संबंध लावत बसले. (शुद्धलेखनाच्या चुका आढळल्यास संपादक मंडळाला धरावे.) दिवाळीच्या सुट्टीत प्रोजेक्टमुळे मी हॉस्टेलवरच होते. डिपार्टमेंटच्या मॅडमनी मला आणि माझ्या रूम पार्टनरला मार्क एक्सेलमध्ये भरायला बसवलं. मोबदला चहा आणि घोटावडे फाट्यावरचा वडापाव. त्या पंधरा दिवसांत जे कळलं, ते तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

पहिली गोष्ट, नॅक आणि एनबीए एक नव्हे. मी दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरायचे. दोन्हींचा जन्म १९९४ चा, इतकंच साम्य. नॅक ही यूजीसीची संस्था, मुख्यालय बंगळुरूला. ती अख्ख्या कॉलेजचं मूल्यांकन करते, लायब्ररीपासून लेडीज रूमपर्यंत. आपण ऐकतो त्या ए डबल प्लस, बी प्लस या श्रेणी तिच्या, चारपैकी ३.५१ च्या वर गेलात तर ए डबल प्लस. एनबीए मात्र कॉलेजला काहीच देत नाही! ती एकेका ब्रँचला देते. म्हणजे एकाच बिल्डिंगमध्ये मेकॅनिकलला मान्यता आहे आणि वरच्या मजल्यावरच्या ब्रँचला नाही, असं होऊ शकतं. एनबीए आधी एआयसीटीईचा भाग होती, २०१० मध्ये स्वतंत्र झाली आणि २०१४ च्या जूनमध्ये भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा कायम सदस्य झाला. हा १९८९ चा करार. एका सदस्य देशातली इंजिनिअरिंगची डिग्री दुसऱ्या सदस्य देशात समकक्ष मानायची, असा.

इथे आमच्या विंगमधली एक जण उडी मारून म्हणाली, "म्हणजे एनबीए मिळालं की आपली डिग्री अमेरिकेत चालणार!" थांबा. एनबीएत दोन टियर आहेत. स्वायत्त कॉलेजं आणि विद्यापीठं टियर वनमध्ये, आपल्यासारखी संलग्न कॉलेजं टियर टूमध्ये, आणि अकॉर्डचा फायदा फक्त टियर वनला. हे ऐकून ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, जणू नियम मी केलाय.

मान्यता गेली तर काय होतं? अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को सिटी कॉलेजचं उदाहरण वाचण्यासारखं आहे. ते कम्युनिटी कॉलेज, म्हणजे कमी फीमध्ये नोकरदारांपासून आजी-आजोबांपर्यंत कुणालाही शिकवणारं. तिथल्या मान्यता आयोगाने २०१३ च्या जुलैमध्ये जाहीर केलं, वर्षभराने तुमची मान्यता काढणार. तक्रार मुख्यतः पैशांचा हिशेब आणि कारभार यांबद्दल होती, शिकवण्याबद्दल नव्हती. प्रकरण कोर्टात गेलं, मान्यता प्रत्यक्षात कधी गेलीच नाही, आणि २०१७ च्या जानेवारीत ती पुढच्या सात वर्षांसाठी पक्की झाली. पण मधल्या काळात हजारो विद्यार्थी कॉलेज सोडून गेले. वर्गात सगळं पूर्वीसारखंच चालू होतं, फक्त त्या कागदावरचा विश्वास उडाला होता.

आता मुख्य मुद्दा. एनबीएचा अहवाल म्हणजे १००० मार्कांचा पेपर. २०१६ पासून वापरात असलेल्या टियर टूच्या आराखड्यात दहा निकष होते (अलीकडे आराखडा बदललाय, पण जुन्यावरून गोष्ट पटकन समजते). सगळ्यात जास्त मार्क शिक्षकांना, २००. विद्यार्थ्यांच्या निकालाला १५०. लॅब वगैरे सोयींना ८०. म्हणजे आपण ज्याला 'कमिटीची तयारी' म्हणतो, त्या रंगरंगोटीला फार मोल नाहीच! कोर्स आउटकम आणि प्रोग्रॅम आउटकम यांना मात्र १२०. हेच ते सीओ-पीओ, जे प्रत्येक जर्नलच्या पहिल्या पानावर आपण न वाचता उतरवून काढतो.

सीओ म्हणजे एक विषय शिकल्यावर तुम्हाला नेमकं काय यायला हवं. पीओ म्हणजे चार वर्षांनी काय यायला हवं. ते आधी बारा होते, नव्या आराखड्यात अकरा आहेत. आणि प्रत्येक सीओ किती साध्य झाला, त्याचा आकडा काढायचा. हा आकडा कसा निघतो ते एकदा सविस्तर बघू, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

आमचा सेकंड इयरचा एसओएम घ्या, म्हणजे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स. त्यातला तिसरा सीओ: बीमचे शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंट डायग्राम काढता येणे. युनिट टेस्टमध्ये त्या प्रश्नात साठ जणांपैकी ३३ जणांनी ठरवलेल्या मार्कांची रेघ ओलांडली. म्हणजे ५५ टक्के. आमच्या डिपार्टमेंटच्या नियमाने पन्नास टक्क्यांना लेव्हल १, साठला २, सत्तरला ३. तर झाली लेव्हल १. विद्यापीठाच्या परीक्षेत लेव्हल २. अंतर्गतला ३० टक्के वजन, विद्यापीठाला ७०, म्हणून ०.३ अधिक १.४, बरोबर १.७. हे झालं प्रत्यक्ष मूल्यमापन, त्याचे ८० टक्के धरायचे: १.३६. उरलेले २० टक्के अप्रत्यक्ष, म्हणजे सेमिस्टरच्या शेवटी आपण भरतो तो फीडबॅक फॉर्म. त्यात सगळ्यांनी ३ दिलेले, म्हणून ०.६. एकूण १.९६. टार्गेट होतं १.८. सीओ थ्री अटेन्ड! (हे टक्के आणि टार्गेट प्रत्येक डिपार्टमेंट स्वतः ठरवतं, एनबीए ते ठरवून देत नाही.)

हा आकडा भरताना माझा हात थांबला. कारण रेघेच्या खाली राहिलेल्या २७ जणांत मी होते. दहापैकी दोन. सॅगिंग कुठलं आणि हॉगिंग कुठलं, हे मला अजूनही बोटांनी कमान करून बघावं लागतं. आणि आमच्या मजल्यावर परीक्षेच्या आदल्या रात्री काय रडारड होती, ती मी विसरलेले नाही. मग हे अटेन झालं कसं?

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्हीच तर लिहून दिलंय." आणि फॉर्मचा गठ्ठा पुढे केला.

तीन, तीन, तीन. प्रत्येक फॉर्मवर वरपासून खालपर्यंत एकच सरळ ओळ. मला तो दिवस आठवला. शेवटचं लेक्चर, दोन वाजता मेस बंद होणार, सीआरने फॉर्म वाटले आणि ओरडला, "पटकन भरा रे!" आमच्यातल्या काही जणी स्वारगेटच्या बससाठी आधीच पळाल्या होत्या, त्यांचे फॉर्म मी भरले. हिरव्या पेनने. गठ्ठ्यातले पाच फॉर्म हिरव्या पेनचे होते. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, मी एक्सेलकडे.

नंतर मी चुपचाप गणित पुन्हा केलं. वर्गाने खरं लिहिलं असतं, समजा सरासरी १, तर ०.६ च्या जागी ०.२ आला असता. एकूण १.५६. टार्गेटच्या खाली.

खाली गेलं तर शिक्षा नसते, हेही तेव्हाच कळलं. खाली गेलं की डिपार्टमेंटला लिहावं लागतं, पुढच्या वर्षी काय करणार. जादा ट्युटोरियल, टेस्टची पद्धत बदलणं, काहीतरी. आणि पुढच्या वर्षी ते केल्याचं दाखवावं लागतं. टार्गेटच्या वर गेलं की त्या रकान्यात काही लिहायची गरजच नाही. म्हणजे आमच्या हिरव्या टिकमार्कांमुळे ज्युनिअर्सना बेंडिंग मोमेंट त्याच चार तासांत शिकवलं जाणार होतं, जेवढ्यात आम्हाला कळलं नाही.

या आकड्यात आणखी एक भोक आहे, पण ते आपल्या हातात नाही. विद्यापीठाच्या परीक्षेचे प्रश्नवार मार्क संलग्न कॉलेजला मिळत नाहीत, फक्त एकूण मिळतात. त्यामुळे विद्यापीठाचा तो '२' सगळ्या सीओंना सारखाच चिकटवला जातो, मग बीम येत असो वा नसो. ज्यांचा पेपर त्यांच्याच हातात असतो त्यांचं असं होत नाही. इथून जवळचं उदाहरण सीओईपीचं. १८५४ पासूनचं कॉलेज, तरी २००३-०४ मध्ये स्वायत्तता मिळाल्यावरच अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या हातात आल्या. त्याच सुमारास जागतिक बँकेच्या मदतीचा टेक्विप कार्यक्रम सुरू झाला, पहिल्या टप्प्यात देशभरातल्या १२७ संस्था होत्या, सीओईपी त्यांतली एक. नियामक मंडळाचे अध्यक्ष टीसीएसचे फकीरचंद कोहली होते. २०२२ मध्ये ते तंत्रशास्त्र विद्यापीठच झालं. तिथले माजी संचालक अनिल सहस्रबुद्धे पुढे एआयसीटीईचे अध्यक्ष झाले आणि २०२३ मध्ये नॅकच्या कार्यकारी समितीचे.

आता कुणी म्हणेल, कसली मान्यता आणि कसलं काय, सगळा मॅनेज केलेला खेळ! हा आरोप हवेतला नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयने नॅकच्याच एका तपासणी समितीतल्या लोकांना लाचेच्या प्रकरणात अटक केली. त्याआधीच, २०२४ च्या जानेवारीत, श्रेण्या काढून नुसतं 'मान्यताप्राप्त' किंवा 'नाही' एवढंच ठेवायचं असं जाहीर झालं होतं. पण मला त्या बातम्या वाचताना राग येईना. दुसऱ्याच्या नावाचे पाच फॉर्म भरणारीने कुठल्या तोंडाने रागवायचं?

मॅडमची परवानगी घेऊन या सेमिस्टरच्या शेवटी मी सेकंड इयरच्या वर्गात गेले. फॉर्म वाटायच्या आधी वरचं गणित फळ्यावर मांडलं. पहिल्या बाकावरच्या एकाने विचारलं, "ताई, पण खरं लिहिलं तर सरांना त्रास होईल ना?" मला उत्तर येईना. हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. एसओएमचे सर वर्गाबाहेरच उभे होते, ते आत आले आणि म्हणाले, "दोन वर्षं झाली, मी टाइमटेबलमध्ये दोन तास जास्त मागतोय. कागद दाखवा म्हणतात. द्या की कागद."

त्या दिवशी फॉर्म भरायला वीस मिनिटं लागली. मेस बंद झाली होती, सगळे फाट्यावर जेवायला गेले.

तिसरा सीओ टार्गेटच्या खाली गेलाय. शनिवारी दुपारी दोन ते चार ट्युटोरियल सुरू झालंय, ड्रॉइंग हॉलमध्ये. बाहेर भाताची खाचरं, आत पन्नास जण आणि फळ्यावर एक सिम्प्ली सपोर्टेड बीम. मीही जाऊन बसते, मागच्या रांगेत. हॉगिंगची खूण परवा पुन्हा चुकली.