कासचे पठार : पर्यटन, चराई आणि गावांचा वाटा

सातारा शहरापासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावरील कासचे पठार २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. येथील जांभ्या खडकावर मातीचा थर इतका पातळ आहे की मोठे वृक्ष तग धरत नाहीत. पावसाळा सरत आला की मात्र तेरडा, गेंद, सीतेची आसवे यांनी पठार रंगून जाते.

प्रसिद्धीपाठोपाठ गर्दी आली आणि फुले पायदळी तुडवली जाऊ लागली. त्यावर उपाय म्हणून दररोज ३,००० पर्यटकांची मर्यादा, आगाऊ नोंदणी व प्रवेशशुल्क यांची व्यवस्था झाली. तिचे काम परिसरातील गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांकडे आले. ही रचना महत्त्वाची, कारण शुल्काचा पैसा व हंगामी रोजगार गावाच्या हाती राहतो.

संरक्षणासाठी घातलेल्या तारेच्या कुंपणाचा अनुभव मात्र वेगळा आहे. कुंपणामुळे गुरांची चराई थांबली. उंच गवत माजले, तर त्याखाली बुटक्या फुलझाडांना ऊन मिळत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची चराई हाही या परिसंस्थेचा भाग होता, असे ग्रामस्थ व काही अभ्यासक सांगत होते. पुढे कुंपण काढण्यात आले. गुराख्याला तज्ज्ञ मानण्याची आपल्या नियोजनात पद्धत नाही, हे येथे ओघाने नमूद करावेसे वाटते.

अर्थशास्त्रीय दृष्टीने खरी अडचण हंगामाची आहे. फुलांचा बहर जेमतेम दोन महिन्यांचा असतो. उरलेले दहा महिने भात, नाचणी, दुभती जनावरे आणि मुंबईला गेलेल्या मुलांची कमाई यांवरच संसार चालतो. पर्यटनामुळे जमिनीचे भाव चढले आणि त्या विकल्या गेल्या, तर कालचा शेतकरी स्वतःच्याच शेतात उभ्या राहिलेल्या विश्रामगृहाचा पहारेकरी होतो. त्याला मिळणारे वेतन उत्पन्नात मोजले जाते. गमावलेली जमीन कोणत्याच आकडेवारीत दिसत नाही.

माणसे मोजली तरी वाहनांचा प्रश्न उरतोच. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ७ मे २०२४ पासून निलगिरी व कोडाईकनाल येथे येणाऱ्या पर्यटकांच्या वाहनांना ई-पास बंधनकारक झाला. महाराष्ट्रातील घाटमाथ्यासाठी हा प्रयोग अभ्यासण्याजोगा आहे. कास तलावाचे पाणी सातारा शहराला पुरवले जाते. त्यामुळे या रस्त्यालगतच्या उपाहारगृहांचे सांडपाणी कोठे जाते, हा प्रश्न केवळ पठारावरच्या गावांपुरता राहत नाही.