बंड्याला घेऊन भंडारदऱ्याला

संगमनेर

भाचेबाई,

ताईचा फोन आला होता. दिवाळीनंतर तू मैत्रिणीबरोबर भंडारदऱ्याला तंबूत राहायला जाणार आहेस आणि बंड्यालाही नेणार आहेस म्हणे. ‘कुत्रा बरोबर आहे म्हणजे राखण झाली,’ असंही तू तिला सांगितलंस. हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. तंबू, स्लीपिंग बॅग असल्या गोष्टींतलं मला काही कळत नाही, ते तुझं तू बघ.

भंडारदरा ज्या कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या पट्ट्यात येतं तिथे बिबट्या आहे, आणि बिबट्याला कुत्रं फार सोयीचं पडतं. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच अकोले तालुक्यात, खालच्या शेतीच्या भागात, बिबट्यांची विष्ठा गोळा करून तपासली. त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशोबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्या तिथे कुत्र्यांच्या कितीतरी पट, तरी त्यांचा वाटा बराच कमी. मला त्याचं नवल वाटलं नाही. शेळी दिवेलागणीला गोठ्यात जाते, दाराला कडी लागते. कुत्रं रात्रभर ओट्यावर नाहीतर उकिरड्यावर. धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात बाहेर खिळे काढलेला पट्टा घालतात, कारण बिबट्या पहिला गळाच धरतो. जनावरांच्या दवाखान्यात नोकरीत असताना मानेला सुळे लागलेली कुत्री मी टाचली आहेत, आणि दवाखान्यापर्यंत पोचली ती नशीबवान म्हणायची. बंड्या तर लॅब्राडोर. बिबट्या दिसला तर शेपूट हलवत ओळख करून घ्यायला जाईल. तेव्हा राखण तुला करायची आहे, त्याची.

सूर्य कलला की त्याला दोरी लाव आणि दोरीचं टोक तुझ्या हातात ठेव. तंबूबाहेर खुंटीला बांधून आत झोपायचं, असं अजिबात करू नकोस. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. तो रात्री तुमच्या दोघींच्या मध्ये झोपेल, तंबूची चेन ओढून. वास येईल, घोरेल, सहन करा. मध्यरात्री त्याला बाहेर जायचं झालं तर दोघी मिळून उठा, बॅटरी लावा, मोठ्याने बोलत दहा पावलांवर न्या आणि परत या. उरलेलं मटण, हाडं तंबूजवळ टाकू नका. त्या वासावर गावातली कुत्री येतात, आणि कुत्र्यांच्या मागावर दुसरं कोण येतं ते वर लिहिलंच आहे. शिवाय शिजवलेलं कोंबडीचं हाड बंड्याच्या पोटात गेलं तर ते कुसासारखं टोचेल.

जागा निवडताना पाण्याच्या काठावरची एकांतातली, फोटोत छान दिसणारी जागा सोड. वस्तीला लागून, कुणाच्या तरी अंगणात किंवा खळ्यात तंबू लाव. तिथली ठाकर, महादेव कोळी मंडळी नीट विचारलं तर नाही म्हणत नाहीत. भाकरी-पिठल्याचे पैसे मात्र ठरवून दे, घासाघीस करू नकोस. गावची कुत्री पहिल्या दिवशी बंड्याला घेरतील. त्याला उचलून घेऊ नकोस, मधे पडू नकोस, घरमालकालाच हाक मारायला सांग. त्याची एक शिवी तुझ्या दहा बिस्किटांपेक्षा लवकर काम करते.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याची हद्द कुठे सुरू होते ते शेंडीच्या बाजूला वनखात्याच्या नाक्यावर आधी विचार. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात शिरायला परवानगी लागते. ती तुझ्यासाठी घे, बंड्यासाठी मागूही नकोस. आमच्याकडे डिस्टेंपरने तडफडणारी पिल्लं यायची, ती मी विसरलेलो नाही. तोच विषाणू जंगलातल्या मांसाहारी जनावरांनाही धरतो. २०१८मध्ये गीरच्या काही सिंहांना त्यानेच मारलं. तुझ्या कुत्र्याला लस दिलेली आहे, कबूल. पण सोडलेला कुत्रा भेकराच्या मागे लागला की लस काय करणार? भेकर धापा टाकत कड्यावर जातं आणि आपण वर त्याचा व्हिडिओ काढतो. मला हे मुळीच आवडत नाही.

लसीवरून आठवलं. रेबीज आणि नऊ-इन-वन यांची तारीख कार्डावर बघ. बूस्टर राहिला असेल तर जायच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही, निदान दोन-तीन आठवडे आधी दे. गोचिडांचं औषधही आधीच सुरू कर. पावसाळ्यानंतरच्या गवतात गोचीड फार, आणि गोचीडतापाने कुत्रं आठवड्याभरात पांढरं पडतं. हिरड्या गुलाबी आहेत ना, हे आल्यावर महिनाभर बघत राहा.

दिवाळीनंतर मला बिबट्याखालोखाल भीती वाटते ती कुसळांची. गवत वाळलेलं असतं, त्याची कुसळं केसातून आत शिरतात आणि मागे फिरत नाहीत, पुढेच जातात. बोटांच्या बेचक्यात गेली तर गळू होतं. कानात गेली की कुत्रं मान वाकडी करून डोकं झटकत राहतं. शहरातले डॉक्टर आधी थेंब देतात, आणि कुसळ मात्र पडद्यापर्यंत पोचलेलं असतं. रोज संध्याकाळी बंड्याला आडवा पाड, चारी पंजांची बेचकी उघडून बघ, काखा बघ, कान उलटे करून बघ. निघण्याआधी पंजांमधले केस कापून घेतलेस तर निम्मा त्रास वाचेल.

कळसूबाईवर त्याला नेऊ नकोस. लोखंडी शिड्यांवर माणूस धरून चढतो, कुत्र्याने काय धरायचं? लोक खांद्यावर घेऊन चढवतात, ते शिखर त्यांचं असतं, कुत्र्याचं नव्हे. रतनगडालाही शिड्याच आहेत. सांदणदरीचं तर नावच काढू नकोस. दोघींना वर जायचंच असेल तर आळीपाळीने जा, एकीने खाली थांबावं.

दगडांच्या खाली फुरसं असतं आणि लॅब्राडोरचं नाक सगळीकडे जातं. तोंड किंवा पाय अचानक सुजला तर कापू नकोस, आवळून बांधू नकोस. त्याला चालू देऊ नकोस, उचलून गाडीत घाल आणि थेट राजूर-अकोल्याकडे नीघ. सर्पविषावरचं इंजेक्शन कुठल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळेल, ते जायच्या आधी फोन करून विचारून ठेव. रविवारचंही विचार.

थंडी कडक असते तिथे, त्याच्याखाली जाड गोधडी टाक, तुझी जुनी चालेल. आणि येताना राजूरचे पेढे आण, ताईला साखर आहे तेव्हा डबा परस्पर माझ्याकडे दे.

तुझा
मामा