चालीची त्रिमिती : निरोगी आणि सदोष चालण्याचे मापन

बेंगळुरूच्या पूर्व भागात के. आर. पुरम, म्हणजेच कृष्णराजपुरम, हे रेल्वे स्थानक आहे. २०२३ साली मेट्रोही तेथे पोहोचली. आगगाडीतून उतरून मेट्रोकडे जाणाऱ्या अशा ठिकाणच्या गर्दीकडे पाच मिनिटे लक्षपूर्वक पाहावे. कोणी लगबगीने जातो, कोणी दमाने. एखादा गृहस्थ प्रत्येक पावलाला हाताने मांडी दाबतो. एखादे मूल टाचा न टेकता चवड्यांवर चालते. चाल वेगळी आहे हे आपल्या डोळ्यांस तत्काळ कळते; परंतु दोष नेमका कोठे आहे, हे मात्र डोळ्यांस बहुधा सांगता येत नाही. असे का होते, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

प्रथम निरोगी चाल पाहू. एक टाच जमिनीस टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतच्या क्रियेस चालीचे एक आवर्तन म्हणतात. प्रौढ माणसास त्यासाठी सुमारे एक सेकंद लागतो. त्यापैकी सुमारे ६० टक्के काळ तो पाय जमिनीवर असतो व ४० टक्के काळ अधांतरी असतो. पाय पुढे झुलताना गुडघा सुमारे ६० अंशांत वाकतो, म्हणूनच पायाची बोटे जमिनीस घासत नाहीत. त्या वेळी बोटे व जमीन यांत जेमतेम एक-दोन सेंटिमीटर अंतर उरते. इतक्या थोड्या अंतरावर आपला तोल व सुरक्षितता अवलंबून असते.

आता त्रिमितीची गरज पाहू. गुडघ्याचे वाकणे बाजूने दिसते, कमरेचे कलणे समोरून दिसते. मांडीचे स्वतःभोवती वळणे मात्र वरून पाहिल्यावाचून नीट समजत नाही. मांडी आत वळून गुडघा वाकला, की समोरून पाहणाऱ्यास गुडघे एकमेकांकडे झुकल्याचा भास होतो. एकाच दिशेने पाहणारा अशा प्रकारे फसतो.

ही अडचण प्रथम दूर केली ती जर्मनीतील लाइपझिग येथील विल्हेल्म ब्राउने व ओटो फिशर या शास्त्रज्ञांनी. १८९१ साली त्यांनी एका सैनिकाच्या अवयवांवर विजेने उजळणाऱ्या काचनळ्या बांधल्या, त्याला अंधारात चालविले आणि चार कॅमेऱ्यांनी छायाचित्रे घेतली. पुढच्याच वर्षी ब्राउने निवर्तले. फिशर यांनी हाताने गणिते करून ते काम पुढे नेले. त्याचे निष्कर्ष १८९५ ते १९०४ या काळात प्रसिद्ध झाले. मोजक्या पावलांच्या अभ्यासास इतकी वर्षे लागली!

आज तेच तत्त्व संगणकाच्या साहाय्याने वापरतात. कंबर, मांडी, पोटरी व पाऊल यांवर प्रकाश परावर्तित करणारे लहान मणी चिकटवितात. खोलीभोवतीचे कॅमेरे सेकंदास शंभर किंवा अधिक चित्रे घेतात. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवणे कठीण जाते, कारण एका डोळ्याने अंतर नीट कळत नाही. त्याचप्रमाणे प्रत्येक मणी निदान दोन कॅमेऱ्यांना दिसावा लागतो. जमिनीत बसविलेली बलमापक फळी पावलाखालील जोर नोंदविते. या सर्वांवरून प्रत्येक सांध्याचा कोन व त्यावरील भार काढता येतो.

आता त्या गृहस्थाकडे वळू. पोलिओमुळे मांडीचा पुढचा स्नायू दुर्बळ झाला असेल, तर शरीराच्या भाराने गुडघा एकाएकी दुमडतो. हाताने मांडी मागे दाबून तो माणूस गुडघा सरळ राखतो. म्हणजे जे विचित्र दिसते तो दोष नसून दोषावर शरीराने शोधलेला उपाय आहे. भारतात पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११ साली आढळला व २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. तथापि पूर्वीचे अनेक रुग्ण आजही असे चालतात.

चवड्यांवर चालणाऱ्या मुलाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मेंदूच्या इजेमुळे होणाऱ्या सेरेब्रल पाल्सी या विकारात टाच उचललेली दिसली, की पोटरीचा स्नायू आखडला आहे असे वाटते. काही मुलांत तसे खरोखरच असते. काहींत मात्र घोटा काटकोनात, म्हणजे योग्य स्थितीत असतो. खुबा व गुडघा वाकलेले राहिल्यामुळे टाच टेकत नाही. अशा मुलाच्या टाचेमागील कंडरा शस्त्रक्रियेने लांबविला, तर पोटरीचे बळ घटते, नडगी पुढे कलते आणि मूल पूर्वीपेक्षाही अधिक वाकून चालू लागते. दोन्ही मुले डोळ्यांस सारखीच दिसतात. मोजलेले कोन मात्र वेगळे निघतात. मापनाचे मोल येथे कळते.

सदोष चाल सुधारण्याचे काम आपल्याकडे नवे नाही. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी स्थापन झाले. कृत्रिम पाय असो, आधाराची पट्टी असो वा शस्त्रक्रिया असो, उपाय ठरविण्यापूर्वी मूळ दोष कोणता आणि शरीराने त्यावर केलेली तडजोड कोणती, हे वेगळे करावेच लागते. विद्यार्थ्यांनीही एखाद्याची चाल पाहताना हा प्रश्न प्रथम स्वतःस विचारावा.