कडता न लावता

सेलू,
रविवार, 28 सप्टेंबर 2025

प्रिय भाचेबुवा,


फोनवर उपदेश केला की तू "हो मामा, हो मामा" म्हणत दुसरंच काही करत असतोस, म्हणून हा कागद. सकाळची उपासना आटोपून आलोय. यंदा गावोगावी सोयाबीन पाण्यात गेलं, त्यामुळे पाळकसाहेबांनी आज शेतकऱ्यांसाठी वेगळी प्रार्थना ठेवली होती. माझं सगळं लक्ष तुझ्याकडे होतं, कारण भिजलेला तो माल आता तू काम करतोस त्या आडतीच्या काट्यावर येणार.

परवा तू दोन गोष्टी विचारल्यास. दसऱ्याला आडतीवर काट्याची पूजा होते, तेव्हा आपण काय करायचं? आणि मोंढ्यात एवढी माणसं भेटतात, त्यांना येशूबद्दल कसं सांगायचं? दोन्हींचं उत्तर देतो, पण आधी एक तिसरीच गोष्ट सांगतो. ती तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

तुझ्या वयाचा होतो तेव्हा एका जिनिंगवर वजनं लिहायला होतो. गाडीमागे दोन किलो कमी लिही, असं मालकानं सांगितलं. पहिल्या दिवशी हात अडखळला. आठ दिवसांनी अडखळायचा थांबला. रविवारी चर्चमध्ये दानाची थैली फिरवायचं काम माझ्याकडेच होतं, आणि मला त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. एकदा एक म्हातारी बैलगाडीतून कापूस घेऊन आली. बाकीचे शेतकरी काट्यावर वाकून वाकून आकडा बघायचे. ही मात्र लांबच बसून राहिली. मी म्हटलं, "आजी, वजन बघून घ्या." ती म्हणाली, "तुमी किरिस्तावाचं लेकरू, तुमी कशाला खोटं लिवताल?" आणि मी दोन किलो कमी लिहिले.

पुढच्या हंगामात ती नोकरी सोडली, पण सोडल्यानं हिशेब पुरा होत नाही. शुभवर्तमानातल्या जक्कयाला चौपट फेडायची संधी मिळाली. मी दोन-तीन गावांत चौकशी केली, ती म्हातारी मला पुन्हा सापडली नाही. तेव्हापासून उपासनेत डोळे मिटले की मला क्रूस दिसायच्या आधी काटा दिसतो.

म्हणून तुला आकड्यातच सांगतो. क्विंटलमागे एक किलो कडता, म्हणजे वजनातली कपात, काहीच नाही, असं तुला कोणीतरी सांगेलच. वीस क्विंटल माल असला तर ते वीस किलो होतात. सोयाबीनचा यंदाचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये. त्या दरानं शेतकऱ्याचे हजार रुपयांच्या वर गेले. उरलेल्यातून हमाली-तोलाई वजा होऊन त्याच्या हाती पट्टी पडते. ओलाव्याचंही तसंच. हमीभावाच्या खरेदीचा निकष 12 टक्क्यांचा. यंदा माल ओला असणारच, आणि ओल्या मालाला ओला म्हणणं हे पाप नव्हे. पण यंत्राचा आकडा शेतकऱ्याला दिसेल असा धर, आणि दिसला तोच लिही. कोणी दुसरा आकडा लिहायला सांगितला तर भांडू नकोस, भाषण देऊ नकोस. "हे मला जमायचं नाही, मला दुसरं काम द्या," एवढंच म्हण. नोकरी गेली तर सेलूला ये. मामाकडे भाकरी आहे.

आता दसऱ्याचं. आदल्या दिवशी काटा सगळ्यांच्या बरोबरीनं घासूनपुसून स्वच्छ कर, झेंडूच्या माळा ओवायला बस. पूजेच्या वेळी चप्पल काढून, हात जोडून एका बाजूला उभा राहा. गंध लावायला आले आणि तुझं मन घेत नसेल, तर हसून, नम्रपणे नको म्हण. मोंढ्यातली माणसं समजूतदार असतात, त्यांना राग येतो तो तोऱ्याचा. आपट्याची पानं दोन्ही हातांनी घे. प्रसादाबद्दल आपल्याच मंडळीत दोन मतं आहेत. पौलानं करिंथकरांना लिहिलेलं तू स्वतः वाच आणि ठरव. काहीही ठरवलंस तरी दुसरं मत असणाऱ्याला कमी लेखू नकोस.

आणि साक्ष देण्याची घाई नको. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा झाला 1900 साली, स्वतःच्या विचारानं. एवढा मोठा कवी, पण घरच्या माणसाच्या मनाला त्यालाही घाई करता आली नाही. मग तू हमालाला दोन दिवसांत काय पटवणार? कोणी विचारलं तर लपवू नकोस. न विचारता कोणाच्या मागे लागू नकोस. टिळक म्हणत, तुकोबांनीच मला ख्रिस्ताकडे आणलं. तेव्हा मोंढ्यात कोणी अभंग म्हणत असेल तर कान बंद करू नकोस.

पुढच्या वेळी आईकडे गंगाखेडला जाशील तेव्हा जनाबाईचं गाव म्हणून त्याच्याकडे एकदा बघ. तिच्या जात्याला विठ्ठल हात लावतो, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आपला प्रभू तर नासरेथात सुताराच्या घरी वाढला. मला वाटतं, त्यानं कोणाला मापात आखूड फळी दिली नसणार. तुझ्या वाट्याला ना जातं आलं, ना रंधा. तुझ्या वाट्याला काटा आलाय.

आपण रविवारचा एक तास देवाला देतो आणि बाकीच्या आठवड्यातून गुपचूप थोडं थोडं कापून घेतो. हाही कडताच. तो मी लावलाय, म्हणून ओळखतो.

शुक्रवारी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, आडत उघडेल. काट्यावर झेंडूच्या पाकळ्या पडलेल्या असतील. त्या झाड, आकडा शून्यावर आलाय का बघ, मगच पहिलं पोतं चढव. आणि एखादी म्हातारी लांब बसली असेल, तर तिला हाताला धरून काट्याजवळ आण.

तुझा,
मामा